पावसासाठी बांधलेली गाठ

एका खाडीच्या मुखाशी एकदा एक होडी रोज एकाच जागी बंद पडू लागली. धक्क्यावरून निघताना तिचे इंजिन उत्तम चाले. वीस मिनिटे ती खाडीचे शांत पाणी कापीत जाई, आणि जिथे खाडी संपून समुद्र सुरू होतो, पाण्याचा रंग बदलतो, नेमके तिथे पोहोचल्यावर इंजिनाचा श्वास कोंडे. दोन-तीन आचके बसत आणि सगळे शांत होई. बराच वेळ थांबून पुन्हा प्रयत्न केला की ते मुकाट सुरू होई आणि होडी हळूहळू घरी परते.

होडीचा मालक हिराजी. वय चाळिशी उलटलेले. आषाढात तीन दिवसांच्या तापाचे निमित्त झाले आणि त्याची पत्नी चांगुणा गेली. नारळी पौर्णिमेनंतर गावातल्या होड्या पाण्यात उतरल्या, तशी त्यानेही आपली उतरवली; घरात बसवत नव्हते म्हणून. तेव्हापासून हे सुरू झाले.

तीन मेकॅनिक येऊन गेले. एकाने फिल्टर बदलला, दुसऱ्याने पंप उघडून साफ केला, तिसऱ्याने नोझल तपासले. प्रत्येकाने होडी धक्क्याला बांधून, गिअर न टाकता तासभर इंजिन चालवून दाखवले. धक्क्याला ते कधीही बंद पडले नाही. "इंजिनात काही दोष नाही," असे सांगून तिघेही गेले. गाव म्हणाले, "बाई गेली, होडी रुसली."

हिराजीला जी गोष्ट ठाऊक होती, ती त्याने कुणाला सांगितली नव्हती. होडी जिथे बंद पडे, तिथेच त्याने चांगुणाच्या अस्थी सोडल्या होत्या.

अखेर त्याने दगडखाणीच्या एका व्यापाऱ्याला शब्द दिला. व्यापारी उद्या सकाळी माणसे घेऊन येणार आणि इंजिन काढून नेणार होता. जाताना हसत म्हणाला होता, "माझ्याकडे त्याला कुठं जायचंच नाही. एका जागी उभं राहून दगड फोडायचे. रुसून रुसून कुठं जाईल?" हिराजीही हसला होता. होडी मग वाळूवर पडून राहणार, हे त्याला समजत होते. आपले काय होणार, याचा विचार त्याने केला नव्हता.

त्या दुपारी तो एका वृद्ध तांडेलाकडे गेला. ज्याच्या हाताखाली हिराजी समुद्र शिकला, तो हा म्हातारा. तरुणपणी वीस वर्षे मोठ्या बोटीच्या इंजिनखोलीत काढलेली, त्यामुळे कानाने कमी ऐकू येई आणि गाव त्याला वेगळ्याच आदराने नाखवा म्हणे. हिराजी विचारायला गेला नव्हता, सांगायला गेला होता. ज्याने सुकाणू हातात दिले, त्याला ते खाली ठेवताना सांगावे, एवढेच.

म्हाताऱ्याने सगळे ऐकून घेतले. मग खुंटीवरची टोपी काढली.

"चल."

"कुठं नाखवा? झालं ते सगळं. तीन-तीन मेकॅनिक झाले."

"मी मेकॅनिक नाही. मला फिरवून आण. पोरं मला होडीत पाय ठेवू देत नाहीत, म्हणतात पडाल. तुझ्या होडीत पडलो तर तुझ्यावर ढकलता येईल."

दोघे होडीत बसले. इंजिन सुरू झाले. हिराजीने सवयीने सुकाणू समुद्राकडे वळवले, तेव्हा म्हाताऱ्याने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"तिकडं नको. आत घे."

"आत?"

"आत. खाडीच्या वरच्या अंगाला. आणि रोज पळवतोस तशीच पळव."

हिराजी चकित झाला. दोष समुद्राच्या तोंडाशी, आणि हा माणूस समुद्राकडे पाठ करायला सांगतो! धक्क्यावर जाळी दुरुस्त करीत बसलेल्यांपैकी कुणीतरी ओरडले, "नाखवा, समुद्र इकडं आहे!" म्हाताऱ्याने ऐकू न आल्याचे सोंग केले. होडी आत निघाली. दोन्ही काठांना कांदळवन, चिखलात उभे बगळे, दूर कुणाच्या तरी वाडीतल्या पोफळी. म्हातारा इंजिनाकडे पाहतही नव्हता. मागच्या बाजूला डिझेलच्या पत्र्याच्या टाकीला टेकून तो डोळे मिटून बसला होता, आणि त्याचा तळवा टाकीच्या पोटावर पालथा ठेवलेला होता. आजाऱ्याच्या उशाशी बसलेला माणूस असा हात ठेवतो.

वीस मिनिटे झाली असतील. एका वळणावर इंजिन दम लागल्यासारखे झाले, दोन आचके बसले, आणि सगळीकडे शांतता पसरली. होडीखाली पाणी चुळबुळत राहिले.

हिराजीने नांगर टाकला.

"इथं?" तो म्हणाला. "इथं का बंद पडलं?"

म्हाताऱ्याने डोळे उघडले. "तुला कुठं बंद पडायला हवं होतं?"

खाली बघत हिराजीने ती गोष्ट सांगितली. तिच्या अस्थींची जागा. तिथे पोहोचले की इंजिन थांबते, म्हणजे तीच थांबवते. तिला वाटते आता समुद्रावर जाऊ नये. तीच नको म्हणत असेल तर कशाला जायचे, म्हणून इंजिन देऊन टाकतो आहे.

म्हातारा हसला नाही. "बाबा रे," तो हळू आवाजात म्हणाला, "जागेमुळं बंद पडत असतं, तर इथं चाललं असतं. ते जागा बघत नाही. वेळ बघतं. पळवलं की वीस मिनिटं. धक्क्याला नुसतं उभं असताना घोटभर डिझेल पितं, म्हणून तिथं तगतं."

हे ऐकून हिराजीच्या मनावरचे ओझे उतरायला हवे होते. तसे झाले नाही. इतके दिवस त्या जागी कुणीतरी त्याची वाट अडवत होते. आता तिथेही कुणी उरले नाही, असे त्याला वाटले. त्याने तोंड फिरवले. म्हाताऱ्याने त्याला हवा तितका वेळ तसेच बसू दिले.

मग म्हणाला, "इकडं ये. ह्या टाकीला हात लाव."

हिराजीने हात लावला. टाकीचा पत्रा आत ओढला गेला होता. उपाशी माणसाचे पोट खपाटीला जावे तसा.

"आता झाकण उघड. सावकाश."

झाकणाचे आटे घट्ट बसले होते. दोन्ही हातांनी जोर लावल्यावर ते जरासे फिरले, आणि टाकीने एक दीर्घ श्वास आत घेतला. सूंऽऽ असा आवाज बराच वेळ चालला. मग टण्णकन पत्रा पुन्हा बाहेर आला, आणि दचकलेला एक बगळा काठावरून उडाला. हिराजी मागे सरकला. बावीस वर्षे तो ह्या टाकीत डिझेल ओतत होता; तिला श्वास असतो हे त्याला माहीत नव्हते.

"आता सुरू कर."

इंजिन सुरू झाले. नांगर उचलला, झाकण उघडेच ठेवून त्यांनी होडी त्याच वेगाने पळवली, आणि वीस मिनिटे झाली, पंचवीस झाली, अर्धा तास झाला. ते थांबेना.

"दुकानदार तेलाचा डबा फोडतो तेव्हा भोकं किती पाडतो?" म्हाताऱ्याने विचारले.

"दोन."

"तेल तर एकातूनच येतं. मग दुसरं कशाला?"

"हवा जायला. नाहीतर तेल धड पडत नाही, अडखळतं."

"मग ह्या टाकीचं दुसरं भोक कुठंय?"

हिराजीने टाकीभोवती पाहिले. टाकीच्या माथ्यावरून करंगळीएवढी एक नळी निघून होडीच्या काठाच्या लाकडाला धरून वर गेली होती आणि टोकाशी खाली वाकली होती. त्या टोकावर मेणात भिजवलेले लुगड्याचे एक हिरवे फडके होते, दोऱ्याने गच्च बांधलेले.

तिन्ही मेकॅनिकांनी ते पाहिले होते. नवसाचे काही असेल, म्हणून कुणी हात लावला नव्हता. आणि हिराजीने होडी उतरवताना सगळी होडी धुतली होती, पण धूत धूत तिथे आल्यावर त्याचा हात थांबला होता.

"दरवर्षी तीच बांधायची," तो म्हणाला. "पावसाळ्यात होडी वर ओढली, माडाच्या झापांनी झाकली, की शेवटी हे. पौर्णिमेला तीच सोडायची. मी कधी विचारलं नाही कशासाठी. मला वाटलं, बायकांचं काही असेल."

"पावसाचं पाणी डिझेलात जाऊ नये म्हणून," म्हातारा म्हणाला. "शहाणी बाई. तुझ्यापेक्षा तिला इंजिन जास्त कळत होतं."

हिराजी त्या गाठीकडे पाहत राहिला. तशी गाठ तीच मारायची, दोन वेढे आणि टोक आत खोचलेले. मग घाईने म्हणाला, "नाखवा, झाकण ढिलं ठेवलं तर चालतंय की. चाललं ना आता? झाकण ढिलंच ठेवतो. हे राहू दे."

"खाडीत चालेल," म्हातारा म्हणाला. "बाहेर पहिली लाट आली की खारं पाणी टाकीत. मग व्यापारीही इंजिन नेणार नाही." तो थांबला. "हिराजी, तिनं ही गाठ पावसासाठी बांधली होती. समुद्रासाठी नाही. ती असती तर पौर्णिमेच्या सकाळीच तिनं सोडली असती, आणि तुला उठायला उशीर झाला म्हणून चार शब्दही ऐकवले असते. अर्धं काम करून गेलीय बिचारी. उरलेलं कुणी करायचं?"

हिराजीने इंजिन मंद केले. गुडघ्यांवर बसून त्याने गाठीला हात घातला. दोरा भिजून आवळला होता. नखांनी खोचलेले टोक बाहेर काढावे लागले. सुरी म्हाताऱ्याच्या कमरेला होती. त्याने दिली नाही आणि हिराजीनेही मागितली नाही. फडके निघाले तेव्हा त्याची घडी करून त्याने ती सदऱ्याच्या खिशात ठेवली. मग टाकीचे झाकण घट्ट लावले.

"आता वेग वाढव, आणि नळीच्या तोंडाशी बोट धर."

हिराजीने बोट लावले. क्षणभर काही जाणवले नाही. मग काहीतरी त्याचे बोट आत ओढू लागले. हळू, पण न थांबता, जराही न कमी होता.

"कोण ओढतंय?" त्याने विचारले. विचारताना आपला आवाज लहान मुलासारखा झाला, हे त्याला कळले.

"कुणी ओढत नाही. बाहेरून ढकलतंय." म्हाताऱ्याने बोट वर केले. "आभाळाला वजन असतं. ह्या खाडीवर, तुझ्या-माझ्या डोक्यावर, सगळ्यांवर ते कायम टेकलेलं असतं. आपण म्हणतो, इंजिन डिझेल ओढून घेतं. ओढून घ्यायची ताकद कुणात आहे? इंजिन फक्त जागा करतं. डिझेल पुढं लोटतं ते आभाळ. एवढ्याशा नळीतून सगळं आभाळ टाकीत उतरतं, तेव्हा होडी चालते. ती नळी बंद केलीस, की जे साठवलंय तेही तुला मिळत नाही. टाकी भरलेली असून इंजिन उपाशी मरतं."

हिराजीने बोट काढले. त्याने वर पाहिले. कार्तिकातले आभाळ निरभ्र होते, खाडीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, आणि त्यापलीकडे जिथे नजर पोहोचत नव्हती तिथपर्यंत. जन्मभर तो त्याच्याखाली वावरला होता. ते आपल्या होडीच्या मागच्या कोपऱ्यात, करंगळीएवढ्या तोंडातून, रोज येऊन काम करून जाते, आणि त्या तोंडाची काळजी वर्षानुवर्षे चांगुणा वाहत होती, हे त्याला आज दिसले. त्याचे दोन्ही हात आपोआप जोडले गेले. आभाळाला की तिला, ते त्यालाही सांगता आले नसते.

होडी परत फिरली. धक्का मागे पडला. जाळीवाल्यांनी माना वर केल्या. पाण्याचा रंग बदलला ती जागा आली, तेव्हा हिराजीने इंजिनाचा आवाज ऐकला. तो एकसारखा होता. त्याने स्वतःहून वेग कमी केला, पाण्यावर क्षणभर नजर टेकवली, आणि पुन्हा वाढवला. पहिली मोठी लाट होडीच्या नाळेखालून, पुढच्या टोकाखालून, गेली. म्हाताऱ्याने टोपी घट्ट धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापारी दोन माणसे आणि पाने-पकडी घेऊन धक्क्यावर आला. होडी तिथे नव्हती. वृद्ध तांडेल ऊन खात बसला होता.

"हिराजी कुठंय? त्यानं शब्द दिला होता."

"माफी मागायला सांगून गेलाय," म्हातारा म्हणाला.

"आणि इंजिन? रुसवा गेला?"

"रुसलं नव्हतं. कोंडलं होतं."

त्यानंतर दर पावसाळ्याच्या तोंडाशी होडी वर ओढली, झापांनी झाकली, की हिराजी तेच हिरवे फडके मेणात भिजवून नळीच्या तोंडावर बांधतो. दोन वेढे आणि टोक आत खोचलेले. आणि पौर्णिमेच्या सकाळी, नारळ वाहण्याआधी, स्वतःच्या हाताने सोडतो.

आपल्याही घरात कुणीतरी पावसासाठी बांधून ठेवलेली एखादी गाठ असेल. बाहेर पाऊस अजून आहे का, ते एकदा पाहून यावे.