उगारलेल्या हाताची कहाणी

ऐक पिठोरी माते, तुझी कहाणी. आटपाट नगर, नगरात तेल्याचं घर, दारी लाकडी घाणा. तेली कष्टाचा, पण हाताचा वाईट. पोळ्याला बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावी, बायकोच्या पाठीला मात्र बारमास काठी. बायकोचं नाव सगुणा. तिची मुलं उपजत, पण वाचत ना. मग एक वाचला. दृष्ट लागू नये म्हणून त्याला दगडू म्हणत. त्याच्यासाठी ती श्रावणी अवसेला पिठोरीचं व्रत करी. खीरपुरीचं ताट डोईवर धरी, मागं न पाहता, आल्या पाहुण्याला विचारावं तसं विचारी, "अतीत कोण?" मागून पोर म्हणे, "मी दगडू." मग ती ताट मागं देई.

दगडूला मिसरूड फुटलं. एके दिवशी सगुणेच्या हातून तेल सांडलं. तेल्यानं काठी उचलली. दगडूनं ती वरच्या वर धरली, बापाला बाहेर काढलं. म्हणाला, "बा, पुन्हा या घरी दिसू नकोस." तेली भावाकडे गेला, भावानं ठेवला नाही. बहिणीकडे गेला, बहिणीनं ठेवला नाही. मग देवळात जाऊन पडला.

दगडू घाणा हाकू लागला, घरधनी झाला. एके दिवशी भाकरीला उशीर झाला. दगडूचा हात वर गेला. सगुणेनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं, जसं नवऱ्यापुढं झाकी. हात तिथंच थांबला. पोराला स्वतःची लाज वाटली, अन्न गोड लागेना.

अवस आली. दगडू देवळात गेला. "बा, मीही तुझ्याच वाटेनं निघालो होतो. चल. ठेवायचं की नाही, ते आई ठरवील."

बाप दाराशी थांबला. सगुणेनं ताट डोईवर धरलं. "अतीत कोण?" दगडू बोलेना. पुन्हा विचारलं, "अतीत कोण?" त्यानं दाराशी उभ्या बापाकडं पाहिलं. तिसऱ्यांदा विचारलं. मग म्हणाला, "मी दगडू. तुझ्यावर हात उगारणारा. आणि दाराशी बा आहे."

तिनं ताट मागं दिलं. "जेव, बाळा. कबूल केलंस, माझ्या मनातून गेलं." मग दुसरं ताट घेतलं. म्हणाली, "त्यांनी आपल्या तोंडानं सांगावं."

तेली तिच्या पाठीमागं येऊन उभा राहिला. "मी. तुला उभा जन्म मारलं. तुझी काही चूक नव्हती."

सगुणा रडली. मग ताट दिलं. "आजपासून मनात राग ठेवत नाही. पण राहायचं ते ओसरीवर. पुन्हा हात उठला तर हे घर तुमचं नाही."

तेली ओसरीवर बसून जेवला. पुढं दगडूचं लग्न झालं, सून आली. त्या घरात भांडणं झाली, रुसवे झाले, पण हात कुणाचा उठला नाही.

जशी पिठोरी माता सगुणेला पावली, तशी तुम्हांआम्हांला पावो. आपल्या लेकरांचा उगारलेला हात वाटेतच खाली येवो. साठा उत्तरांची ही कहाणी पाचा उत्तरी सांगितली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.