झोपडीच्या छपराची वैरण

माणदेशाच्या कडेला खडकमाळ नावाचे गाव होते. गावाबाहेर ओढ्याकाठी, गवताने शाकारलेल्या एका झोपडीत श्रीनिवांतनाथ महाराज राहत असत. ज्या वर्षाची ही हकीकत, त्या वर्षी सलग दुसऱ्यांदा पाऊस पडला नाही. दहा कोसांत वैरणीची काडी मिळेना. लोकांनी गुरांच्या कपाळाला कुंकू लावले आणि ती माळावर सोडून दिली.

गोदूबाई नावाची विधवा मात्र आपली मोगरी गाय सोडीना. कोरड्या ओढ्यात हरळीच्या मुळ्या खणून ती गायीला घाली. सोडलेल्यांपैकी सात जनावरे तिच्या दारी येऊन उभी राहत. त्यांनाही ती घास घास देई.

गावात कडब्याची गंज उरली होती ती एकट्या दौलतराव घाडग्यांच्या खळ्यात. गोदूबाई त्यांच्यापुढे पदर पसरून उभी राहिली.

"मालक, दोन पेंढ्या द्या. मोगरी काल बसली, ती उठंना."

दौलतराव हसले. "रोज त्या गोसाव्याच्या पायांवर डोकं घासतीस ना? त्याला सांग की गवत उगवायला!"

ओसरीवरची माणसेही हसली. गोदूबाई घरी परतली, तो मोगरीने मान टाकली होती.

ती तशीच महाराजांकडे गेली. रडली नाही. एवढेच म्हणाली, "महाराज, माझी गेली. दारात अजून सात उभी हायती. त्यांस्नी काय घालू?"

महाराजांच्या डोळ्यांना धार लागली. ते उठले, हात वर करून छपराचे गवत उपसू लागले. "ने, माय."

काळे पडलेले, जुने गवत ते. पण गुरांनी कोवळ्या चाऱ्यासारखे खाल्ले. दुसऱ्या दिवशी सकाळी गोदूबाई पाहते, तो छप्पर होते तसे दाट! केवढी ही कृपा! महाराजांनी पुन्हा उपसले, पुन्हा ते भरले. असे चाळीस दिवस चालले. ज्यांनी गुरे सोडली होती, तेही ती परत आणून खाली मान घालून भारे नेऊ लागले. भारे गोदूबाई बांधून देई. तिच्या तोंडावर आनंद मात्र कधी दिसला नाही.

एकदा तिने विचारलेच, "एक दिस आधी का न्हाई, महाराज?"

महाराज म्हणाले, "मी याच छपराखाली बसून होतो, माय. तू येईपर्यंत मला वर बघायचं सुचलं नाही. दोष माझा आहे."

त्याच चाळीस दिवसांत दौलतरावांनी गंज उघडली. आत वाळवीने कडब्याची माती केली होती. त्यांचे दोन्ही खिलारी बैल खाली बसले, तेव्हा ते स्वतः झोपडीशी आले. महाराजांनी गोदूबाईकडे बोट दाखवले.

तिने क्षणभर दौलतरावांकडे पाहिले. मग सर्वांत मोठा भारा उचलून त्यांच्यापुढे टाकला. "न्या. बैलांनी माझं काय केलंय?"

दौलतराव महाराजांच्या पायांवर पडू गेले. महाराज मागे सरले.

"इथं नको. हिच्या गोठ्यात जा."

दौलतराव गेले. मोगरीच्या रिकाम्या दावणीपुढे त्यांनी जमिनीवर कपाळ टेकले आणि ते हुंदके देऊन रडू लागले. गोदूबाई दारात उभी होती. तिने त्यांना 'उठा' म्हटले नाही.