हाक हैबतीची, बैल आबांचे

एकदा तीन राजांना एकाच वेळी अक्कल आली. असं वारंवार घडत नाही, म्हणून सांगून ठेवतो. घाटातून लुटारूंच्या टोळ्या उतरत, आज याचा मुलूख जाळत, उद्या त्याचा. आणि उरलेले दोघे आपापल्या गच्चीवरून धूर बघत हळहळत. हळहळून टोळ्या थांबत नाहीत, हे कळल्यावर तिघांनी मिळून एक फौज उभी करायची ठरवली. थोरल्या राज्याचा सेनापती तिघांचा सेनापती झाला.

धाकट्या राज्याची दोनशे माणसं शिदोजी नावाच्या तरुण सरदाराच्या हाताखाली जायची होती. सगळी शेजारपाजारची पोरं. प्रत्येकाच्या आईने शिदोजीला गाठून बजावलं होतं, "नीट परत आण रे बाबा."

दुसऱ्या दिवशी दरबारात सेनापतीच्या हाताखाली जायची शपथ घ्यायची होती, आणि त्या शपथेपाशीच सगळं अडलं. शिदोजीच्या राजाने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "सेनापतीपुढे मान हलव. पण त्याचा कुठलाही हुकूम पाळण्याआधी माझ्याकडे घोडेस्वार पाठवून विचार." सेनापतीचा निरोप उलटा, "माझ्या निशाणाखाली आलास की तुझा राजा विसर." एकाचं ऐकावं तर दुसऱ्याशी बेइमानी. आणि दोघांचं ऐकावं तर दोनशे पोरं भर लढाईत एकमेकांची तोंडं बघत उभी राहणार.

शिदोजी आपल्या गुरूंकडे गेला. गुरू म्हणजे पूर्वी अनेक लढाया पाहिलेले एक वृद्ध. सारा गाव त्यांना आबा म्हणे. शिदोजीने सारी व्यथा सविस्तर, शुद्ध भाषेत, दोन्ही हात जोडून मांडली.

आबा म्हणाले, "झालं बोलून? मग चल. हैबतीकडे नांगरट आहे."

काळ्या रानाला जड नांगर लागतो आणि एकट्याच्या बैलांना तो ओढवत नाही. म्हणून चार घरं सावड करतात. प्रत्येकाने एकेक जोडी द्यायची, चारही एका नांगराला जुंपायच्या. ज्याचं रान, त्याची हाक. त्या दिवशी रान हैबतीचं होतं.

आपली जोडी जुंपण्याआधी आबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हैबती, हाक तुझी. पण ओढ्याच्या काठाला माझे बैल जाणार नाहीत. काठ आतून पोकळ आहे."

"बरं आबा. बैल देताय का लेक देताय?" हैबती म्हणाला, आणि सगळे खो खो हसले.

नांगर चालू झाला. थोड्या वेळाने हैबतीने घाईत हाक दिली आणि तास, म्हणजे नांगराची रेघ, चक्क वाकडा निघाला.

शिदोजी कुजबुजला, "आबा, चुकतंय! तुमची जोडी तरी सरळ घ्या."

"गप बस. हाक त्याची आहे."

वाकडा तास पार बांधापर्यंत गेला. आबा खुशाल तंबाखू मळत सोबत चालत राहिले. शिदोजीला वाटलं, म्हातारा आता नुसता मान हलवायच्या कामाचा उरला.

ऊन चढलं. रानाची एवढीशी पट्टी उरली, आणि हैबतीला मोह आवरेना. त्याने नांगर ओढ्याकडे वळवला. तसे आबा धावत पुढे गेले, सगळ्या बैलांसमोर हात पसरून उभे राहिले, नांगर थांबवला आणि आपल्या जोडीच्या मानेवरचं जू उतरवलं.

"अहो आबा, ही काय मस्करी! हातभर तर रान राहिलंय!" हैबती ओरडला.

"राहू दे. कुदळीने खण. काठ सोडून बोलव, आत्ता परत जुंपतो."

हैबती पुटपुटला, मग नाइलाजाने नांगर मागे वळवला. आबांनी जोडी पुन्हा जुंपली.

शिदोजी गोंधळला. "वाकड्या तासाला गप्प बसलात आणि इथे एवढा तमाशा?"

तेव्हा आबा म्हणाले, "वाकड्या तासाने कोणी मरत नाही. मी मनाने जोडी वळवली असती, तर मधल्या बैलांच्या माना मुरगळल्या असत्या. नांगराला हाक एकच. पण हाक त्याला दिली म्हणजे बैल दिले असं नाही. कुठे जाणार नाही ते मी जुंपण्याआधी चौघांदेखत बोललो. आणि सोडले तेही समोर उभं राहून. चालत्या नांगरातून गुपचूप सोडले असते, तर नांगर हैबतीच्या पायावर आला असता."

"आणि राजाचा घोडेस्वार?"

"काठावर पोचल्यावर घरी विचारायला जाशील? तोवर बैल ओढ्यात! राजाला काय विचारायचं ते उद्याच विचार. घाटात विचारू नकोस."

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. सेनापती आणि बाकीच्या दोन्ही राज्यांचे सरदारही आले होते. शिदोजीने शपथेला हात पुढे केला नाही.

"महाराज, आपल्या माणसांनी काय कदापि करू नये, ते सेनापतींसमोर सांगा."

राजाने प्रधानाकडे पाहिलं. प्रधान खोकला. प्रधान त्यासाठीच पाळलेले असतात.

बराच विचार करून राजा म्हणाला, "शरण आलेल्या गावाला आग लावायची नाही. घाट ओलांडून परमुलखात शिरायचं नाही."

"आणखी?"

"आणखी... नाही."

"मग बाकी सर्व हुकूम सेनापतींचा. मी घोडेस्वार पाठवणार नाही."

राजा लाल झाला. "म्हणजे माझी माणसं त्याची झाली?"

"आपलीच आहेत. आपण परत बोलवाल तेव्हा आणीन. पण सेनापतींना सांगून, त्यांची दुसरी माणसं जागेवर उभी राहिल्यावर."

सेनापतीने शिदोजीकडे बोट दाखवलं.

"घाटाच्या तोंडाशी याची माणसं उभी करा," तो म्हणाला. "हा काय करणार नाही, ते मला आज कळलं. बाकीच्यांचं लढाईतच कळेल."

तेव्हा उरलेल्या दोन्ही राज्यांचे सरदार हळूच उठले. त्यांना आपापल्या राजांना काहीतरी विचारायचं राहिलं होतं.