टवका उडालेली करवंटी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. घाटात तेव्हा गाडीरस्ता नव्हता. लादलेले बैल चढतील एवढी वाट होती. आणि त्या वाटेच्या निम्म्यावर, जिथे चढणाऱ्याचा दम संपतो, तिथे एक चूल होती.

त्या चुलीवर कॉफी होत असे. राजाच्या आजोबांनी ती चूल घालून दिली होती. घाट चढणाऱ्या प्रत्येकाला एक पेला कॉफी, फुकट. चूल सांभाळणाऱ्या घराला राजाकडून धान्य आणि मान. दोन्हींत मान मोठा.

तिथली एक रीत होती. कॉफी आवडली तर पिणाऱ्याने रिकामा पेला दगडी कट्ट्यावर पालथा ठेवायचा. नाही आवडली तर उताणा. तोंडाने काही बोलायचे नाही.

आणि एक नियम होता. ज्या दिवशी कट्ट्यावर एकही पेला पालथा दिसणार नाही, त्या दिवशी ती चूल त्या घरातून जाईल. तीन पिढ्यांत असा दिवस आला नव्हता.

या गोष्टीच्या वेळी चूल एका म्हातारीकडे होती. ती लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिच्या हातात नारळाची एक करवंटी दिली होती. काठाचा दोन बोटे खोल टवका उडालेली.

सासू म्हणाली होती, "एक करवंटी पूड, सात तांबे पाणी. ही करवंटी टाकू नकोस."

का, ते सांगितले नाही. त्या काळी सासवा कारणे सांगत नसत.

म्हातारीने चाळीस वर्षे तसेच केले. हंड्यात गळ्यापर्यंत सात तांबे पाणी बसे, थेंबभर जास्त नाही. पाणी उकळले की हंडा उतरवायचा. करवंटी पुडीत बुडवून भरायची, एकदा हात हलवायचा आणि पूड पाण्यात सोडायची. वर झाकण. पूड तळाला बसली की फडक्यातून गाळायची. वाढून झाले की ती पाठ फिरवून बसे आणि ऐके. पेले पालथे पडल्याचा आवाज येई. टक्, टक्, टक्. तीच तिची कमाई.

नवरा गेला होता. मूल नव्हते. घरात एक कोंबडी होती. त्या काळी जनावरे बोलत. माणसे ऐकत नसत, एवढेच.

एकदा नवा राजा घाट चढून आला. दमला होता. कॉफी प्यायला आणि स्वतःच्या हाताने पेला पालथा ठेवला. मग त्याची नजर करवंटीवर गेली.

"एवढी चांगली कॉफी, आणि माप हे? फुटकी करवंटी?"

"माझ्या सासूची आहे, महाराज."

"तुझ्या हाताला हे शोभत नाही," राजा म्हणाला.

महिन्याने राजाचा सोनार आला. त्याने करवंटीची लांबी घेतली, रुंदी घेतली, खोली घेतली. तशीच्या तशी चांदीची करवंटी घडवली. काठावर राजाचे नाव कोरले. एकच गोष्ट त्याने बदलली. टवका ठेवला नाही, काठ अखंड केला. राजाच्या नावाची वस्तू फुटकी कोण घडवणार?

म्हातारी हरखली. चांदीचे माप चुलीवर आले. जुनी करवंटी कोंबडीला पाणी प्यायला गेली.

आता त्या लोकांची आणखी एक गोष्ट सांगतो. ते माप कधी अपुरे भरत नसत. काठापर्यंत भरेल तेच माप. अपुरे माप चोराचे, असे ते म्हणत. आणि राजाचे माप अपुरे भरणे म्हणजे राजाला चोर म्हणणे. म्हणून म्हातारी चांदीची करवंटी काठोकाठ भरू लागली.

पहिल्या दिवशी सहा पेले उताणे राहिले.

म्हातारीने मोजले नाही, पण तिला कळले. आवाज कमी आला.

आठव्या दिवशी निम्मे पेले उताणे होते. लमाणांचा नाईक वीस वर्षे तांडा घेऊन त्या वाटेने येत होता. तो रीत मोडून बोलला. "आजी, कडू झाली गं. जीभ आखडते."

"तुझी जीभ मिरच्या खाऊन मेली आहे."

"मेली असती तर कडू कशाला लागली असती? जुनी करवंटी कुठाय?"

"राजाचे माप खोटे आहे म्हणतोस?"

नाईक बैलांकडे वळला. राजाच्या मापाला खोटे म्हणायला त्याला दोन डोकी नव्हती.

म्हातारीला दोष सापडत नव्हता, म्हणून ती दोष वाटत सुटली. पूड कुटणाऱ्या बाईला म्हणाली, "तू बिया करपवतेस." ती बाई बारा वर्षे तिच्याकडे कुटत होती. तिने मुसळ खाली ठेवले आणि निघून गेली. म्हातारीने झरा बदलला. लाकडे बदलली. गूळ घातला. कडू ती कडूच. शेवटी गाळलेल्या कॉफीत वरून गार पाणी ओतले. मग ती कोमट झाली आणि पाणचट झाली. कडूपण गेले नाही, कॉफीपण तेवढे गेले.

सगळे बदलले. चांदीला हात लावला नाही.

एके दिवशी वाढून झाल्यावर ती पाठ फिरवून बसली. बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग एकच आवाज आला. टक्.

ती वळली. चाळीस पेले उताणे होते. एक पालथा होता. त्याच्याजवळ नाईक उभा होता.

"आवडली?" तिने विचारले.

नाईक खाली बघत म्हणाला, "आजी, चूल राहू दे तुझ्याकडे. तुझे पांढरे केस बघून ठेवला पेला."

म्हातारी उठली. कट्ट्यापाशी गेली. नाईकाचा पेला उचलला आणि स्वतःच्या हाताने उताणा ठेवला.

"पेला कॉफीचा असतो," ती म्हणाली. "केसांचा नाही."

असा तो दिवस आला.

संध्याकाळी घाटाचे पंच आले. मोठ्या पंचाने चुलीवर चुन्याची रेघ ओढली. "चौथ्या दिवशी महाराज इकडून जाणार आहेत. त्यांच्यासमोर चूल आमच्या घरी जाईल. जाणाऱ्या हाताला शेवटचा एक हंडा करता येतो. तो तेवढा नीट कर."

"आजवर नीटच केला," म्हातारी म्हणाली. पण आवाज तिचा तिलाच पोकळ वाटला.

तीन दिवस चूल गार होती. म्हातारीने दार उघडले नाही. चौथ्या दिवशी सकाळी ती कोंबडीला पाणी घालायला बाहेर आली. करवंटी भरू लागली.

"पुरे," कोंबडी म्हणाली.

"भरू दे. अपुरे माप मी कोंबडीलाही घालत नाही."

"भरतच नाही ते. रोज ओततेस, रोज टवक्यातून सांडते, रोज माझे पाय भिजतात. इतकी वर्षे चूल सांभाळलीस, एवढे दिसत नाही? हिचा काठ वर नाही, म्हातारे. हिचा काठ खाली आहे."

म्हातारीने बघितले. पाणी टवक्यापर्यंत चढले आणि तिथून वाहून गेले. आणखी ओतले. तेही गेले. करवंटीत राहिले ते टवक्याच्या खालचे.

ती तशीच उकिडवी बसून राहिली. मग तिने रिकामा हात एकदा हलवला, चाळीस वर्षे हलवत होती तसा. हात हलला की जादा पूड टवक्यातून डब्यात परत पडत असे. तिच्या हाताला हे ठाऊक होते. तिला नव्हते. तो टवका आपोआप उडालेला नव्हता. सासूने तो पाडलेला होता. तेच माप होते.

"म्हणून टाकू नकोस म्हणाली," ती पुटपुटली.

"मला दुसरे भांडे दे म्हणजे झाले," कोंबडी म्हणाली.

दुपारी राजा आला. पंच उभे होते. तांडा उतरला होता. म्हातारीने चूल पेटवली, सात तांबे पाणी उकळले, हंडा उतरवला. मग पदराखालून राखेने घासलेली जुनी करवंटी काढली. भरली. हात हलवला. पूड पाण्यात सोडली.

मोठा पंच ओरडला, "महाराज, ही तुमचे माप टाकून फुटक्या करवंटीने करते आहे!"

राजाच्या कपाळाला आठी पडली. "माझे माप कुठे आहे?"

"पुसून भिंतीतल्या देवळीत ठेवले आहे, महाराज."

"आणि हे कुठून आणलेस?"

"हे आज सकाळपर्यंत कोंबडीकडे होते."

कोणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले. राजा हसला नाही.

"मी चांदी दिली, आणि तू मला कोंबडीच्या भांड्याची कॉफी पाजणार?"

म्हातारीने गाळून भरलेला पेला पुढे केला. "आधी प्या, महाराज. मग शिक्षा करा. शिक्षा गार होत नाही. कॉफी होते."

राजा एक घोट प्यायला. दुसरा प्यायला. मग पेला संपवला. तांड्यातल्या माणसांनाही पेले गेले. त्यांनीही ते संपवले, पण राजाच्या आधी पेला ठेवायची कुणाची हिंमत होईना. सगळे रिकामे पेले हातात धरून उभे राहिले.

"माझ्या मापात काय वाईट होते?" राजाने विचारले.

म्हातारीने देवळीतून चांदीची करवंटी आणली. पुडीने काठोकाठ भरली. तीच पूड जुन्या करवंटीत ओतली आणि हात हलवला. टवक्यातून पूड घरंगळली आणि कट्ट्यावर छोटा ढीग झाला.

"एवढी जादा," ती म्हणाली. "रोज. सोनाराने करवंटी मोजली, टवका मोजला नाही."

"म्हणजे चूक माझी आहे तर."

"नाही. तुम्ही माप दिलेत, जीभ माझी होती. पहिल्याच दिवशी मला कडू लागली होती. पण काठावर तुमचे नाव होते, म्हणून मी सगळ्यांना दोष दिला, मापाला दिला नाही. एका बाईची बारा वर्षांची मेहनत मी एका शब्दात मातीत घातली. शिक्षा त्याची करा. करवंटीची करू नका."

मग राजाने बैलांच्या खुरांना नाल ठोकणाऱ्या तांड्यातल्या माणसाकडे कानस मागितली.

सोनार सोबत होता. तो पुढे झाला. "महाराज, टवका जिथे पाडायचा तिथे तुमचे नाव आहे. अर्धे नाव जाईल."

"जाऊ दे," राजा म्हणाला. "नावाने कॉफी होत नाही."

तो कट्ट्यावर बसला आणि त्याने स्वतःच्या हाताने चांदीच्या काठाला दोन बोटे खोल खाच पाडली. घाम आला तरी कानस दुसऱ्याला दिली नाही. जुन्या करवंटीतली पूड चांदीच्या करवंटीत ओतून बघितली. खाचेपर्यंत आली, पुढे गेली नाही. मग त्याने आपला रिकामा पेला उचलला आणि कट्ट्यावर पालथा ठेवला.

टक्.

पाठोपाठ नाईकाचा. मग सगळ्या तांड्याचा. म्हातारी सवयीने पाठ फिरवून बसली होती. आवाज थांबेपर्यंत ती वळली नाही.

मोठ्या पंचाच्या हातातही रिकामा पेला होता. त्याने तो हळूच उताणा ठेवला.

"संपवलास ना?" नाईक म्हणाला. "तळाला काही दिसत नाही."

राजाने पंचाकडे नुसते बघितले. पंचाने पेला पालथा केला.

चुलीवरची चुन्याची रेघ पुसली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी पूड कुटणाऱ्या बाईच्या दारात जाऊन उभी राहिली. "माप चुकले होते. तू नव्हतीस," एवढेच म्हणाली. ती बाई पाठ करून आत गेली. पण दुपारी मुसळाचा आवाज आला.

कानशीने पडलेल्या चांदीच्या किसाचे सोनाराने एक बारीक वाळे केले. ते कोंबडीच्या पायात घातले. जुनी करवंटी पुन्हा तिच्याकडे गेली नाही. तिला पितळी ताटली मिळाली, आणि त्याबद्दलही ती कुरकुर करत असे.

अर्ध्या नावाचे ते माप पुढे चार पिढ्या त्या चुलीवर होते. त्यावरचे राजाचे नाव कुणाला नीट वाचता येत नसे. कॉफी मात्र कधी कडू झाली नाही आणि कधी पाणचट झाली नाही.

माप कोणी दिले हे पाहू नये. ते बरोबर आहे का, हे पाहावे.