दोर धरणाऱ्याची हाक

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. इतकी जुनी, की ज्याने मला सांगितली त्यालाही ती कुणाकडून तरी ऐकूनच माहीत होती. मुलांनो, तुम्ही ऐकाच; आणि ऐकताना आपल्या आईबाबांचं लक्ष आहे ना, तेही अधूनमधून बघत जा.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं गाव होतं. गावात गवताने शाकारलेलं एक प्रार्थनामंदिर होतं आणि त्याच्या दारात एक घंटा टांगलेली होती. त्या मंदिराला लागून यिर्मया नावाच्या विहीर खणणाऱ्याचं घर होतं. घरात त्याची बायको हन्ना, मुलगी रिबका, अजून बोबडं बोलणारा मुलगा आणि यिर्मयाची धाकटी बहीण सलोमी अशी माणसं होती.

यिर्मया विहिरीत उतरायचा आणि सलोमी वर दोर धरायची. दोराच्या टोकाला एक आडवी फळी असे. तीवर यिर्मया बसायचा. वर जमिनीत रोवलेल्या जाड खुंटाला दोराचे वेढे देऊन सलोमी त्याला हळूहळू खाली सोडायची. लोक आधी हसले होते, की बाईमाणसाच्या हाती जीव देतोस? यिर्मया म्हणायचा, "तिच्या हाती दिलाय म्हणून तर झोप लागते."

त्यांच्या धंद्याची एक रीत होती. खाली गेलेल्या माणसाला वरचं काही दिसत नाही. वर बघितलं की डोळ्यांत नुसता उजेड जातो. म्हणून वरच्याने थोड्या थोड्या वेळाने हाक द्यायची, "मी आहे!" बाकी काही बोलायचं नाही. तेवढं ऐकलं की खालचा माणूस निर्धास्त होऊन टिकाव चालवायचा.

आणखी एक नेम होता. रोज संध्याकाळी यिर्मया सगळा दोर हातातून सरकवत तपासायचा. एखादा पेड जरी सैल लागला तरी दुसऱ्या दिवशी काम बंद. दोर तपासून झाला की हातपाय धुवायचे आणि मग घरची प्रार्थना.

आता इथे यिर्मयाची गडबड होती. माणूस देवभोळा, मनाने सोन्यासारखा. पण आपली मुलं देवाला विसरतील, वाईट मार्गाला लागतील, या काळजीने त्याला घेरलं होतं. खाली उतरणाऱ्या माणसाचा काय भरवसा? आपण आज आहोत, उद्या नाही. तेव्हा जे शिकवायचं ते आत्ताच, आणि पक्कं. म्हणून त्याने मुलांना देव शिकवायचा सपाटाच लावला होता.

कसा शिकवायचा? रिबकाने गुळाच्या मडक्यात हात घातला की, "देव बघतोय!" शेजारणीला उलट उत्तर दिलं की, "देवानं ऐकलं हं!" प्रार्थनेत शब्द चुकला की, "पुन्हा पहिल्यापासून म्हण. चुकीची प्रार्थना देव ऐकत नसतो." गूळ चोरताना देव न चुकता हजर असायचा. पण हीच रिबका लंगडं करडू कडेवर घेऊन डोंगर उतरून आली, तेव्हा देव कुठे बघत होता ते कुणी सांगितलं नाही.

हन्ना एकदा म्हणाली, "अहो, तुम्ही पोरांची देवाशी ओळख करून देताय की देवाचा धाक दाखवताय?"

"धाक नसला की पोरं हातची जातात," यिर्मया म्हणाला, आणि विषय संपला.

एका दुपारी हन्ना शेतात गेली होती आणि यिर्मया न् सलोमी फावड्याला नवा दांडा आणायला गेले होते. धाकटा रडून रडून लाल झाला होता. रिबकाने त्याला कडेवर घेतलं, भुरकी चिमणी दाखवली, तोंड वेडंवाकडं केलं, पण रडं थांबेना. शेवटी तिने ओसरीतला बाबांचा दोर ओढून आणला आणि अंगणातल्या शिरीषाच्या फांदीला झोका बांधला. भाऊ झोक्यावर बसला मात्र, खदखदा हसायला लागला. तीही हसली.

दोर सोडायला गेली तेव्हा तिचं हसू पळालं. फांदीवरच्या तुटक्या, टोकदार खुंटीवर घासून दोराचे पेड उसवले होते. एक तर तुटूनच बाहेर आला होता. तिने तो थुंकी लावून आत दाबून बघितला, तो पुन्हा बाहेर आला. मग तिने दोराचं वेटोळं केलं, उसवलेला भाग आत लपवला आणि दोर होता तिथे ठेवून दिला.

कुणी बघितलं नव्हतं. पण देवाने तर बघितलंच असणार!

त्या संध्याकाळी पलीकडच्या वाडीचे लोक यिर्मयाकडे आले. त्यांची जुनी विहीर आटली होती. बायका डोंगर ओलांडून पाणी आणत होत्या आणि गुरं बसली ती उठत नव्हती. "उद्या पहाटेच येतो," यिर्मयाने शब्द दिला. लोक गेले तेव्हा प्रार्थनेची वेळ टळत आली होती. धाकट्याने पहिल्याच ओळीत बोबडेपणा केला. यिर्मयाने पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा चुकला, पुन्हा लावलं. रिबकाचीही जीभ अडखळत होती. "देवाला सगळं दिसतं," तो तिच्याकडे रोखून म्हणाला, "आणि तो चुकीला सोडत नसतो."

होता होता प्रार्थना एकदाची बिनचूक झाली. दोर तपासायचा मात्र राहिला.

रिबका अंथरुणावर पडल्या पडल्या देवाकडे काही मागायला घाबरली. तिला वाटलं, आपण देवाशी बोललो तर त्याचं आपल्याकडे लक्ष जाईल आणि त्याला दोर आठवेल. त्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं. किती लहान होती ती, आणि केवढं ओझं घेऊन झोपली!

सकाळी तिला जाग आली तेव्हा बाबा आणि आत्या निघून गेले होते. ती धडपडत उठली. आईला सांगायला गेली, पण देवाला दोर आठवेल या भीतीने थांबली. "भाकरी मी नेऊन देते," एवढंच कसंबसं म्हणाली आणि फडकं घेऊन पळत सुटली.

वाडी जवळ आली तशी आत्याची हाक कानावर आली, "मी आहे!"

म्हणजे बाबा खाली उतरले होते.

विहीर खूप खोल होती. जुन्या विहिरीत उतरताना कडेचे सैल दगड आधी पाडत जावं लागतं, नाहीतर मागाहून तेच डोक्यात पडतात. म्हणून यिर्मया थोडा उतरायचा, दगड ठोकून बघायचा आणि पुन्हा थोडा उतरायचा. सलोमी त्याच्या इशाऱ्याबरोबर दोर सोडत होती. तिच्या पायाशी वेटोळं लहान लहान होत होतं. वाडीतली माणसं बाजूला उभी होती.

रिबकाचे डोळे त्या वेटोळ्यावर खिळले. "आत्या, तुला बाबा दिसतात?"

"नाही गं. खाली अंधार आहे."

"आणि त्यांना तू?"

"मी कुठली दिसणार? म्हणून तर ओरडायचं. दिसले नाही तरी मी आहे, एवढं त्याला कळलं की झालं." तिने दोर जरा सोडला आणि हाक दिली, "मी आहे!"

"आणि बाबा खाली चुकले तर? भलताच दगड पाडला, टिकाव हातातून सुटला, तर तू काय करतेस?"

"काय करणार? आणखी घट्ट धरते."

"रागवत नाहीस?"

"वर आला की चार शब्द सुनावते. पण आधी वर तर यायला हवा ना? चुकला म्हणून कुणी दोर सोडतं का, वेडे?"

रिबका आत्याच्या हातांकडे बघत राहिली. तळव्यांना घट्टे पडलेले, बोटं दोराभोवती आवळलेली. आपला देव जर आत्याइतकाही चांगला नसेल, तर बाबा त्याच्यावर इतकं प्रेम का करतात? हा विचार तिच्या मनात आला आणि तिने डोळे मिटले. जन्मात पहिल्यांदा तिने कुणी न शिकवलेली प्रार्थना केली, 'देवा, माझं चुकलं. माझ्या बाबांना सोडू नकोस.' ती प्रार्थना बिनचूक नव्हती. घाईत आमेनसुद्धा राहून गेलं.

डोळे उघडले तर वेटोळ्यातून तो उसवलेला पेड बाहेर डोकावत होता.

"आत्या, थांब! दोर तुटलाय! तो बघ, तिथं! मीच तोडलाय!"

सलोमीचे हात जागच्या जागी थांबले. तिने पायाशी बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. कुणी, कसा, कधी, काही विचारलं नाही. खुंटाला आणखी एक वेढा दिला आणि वाडीच्या माणसांना मानेने जवळ बोलावलं. माणसं दोर ओढायला लागली. आणि या सगळ्यात, आवाज जराही न कापू देता, ती विहिरीत ओरडली, "मी आहे!"

यिर्मया काठावर आला. फळीवरून उतरला, दोर बघितला आणि खाली बसून तो तुटका पेड बोटांनी चाचपू लागला. तो उसवलेला भाग खुंटाच्या पुढे जाऊन ताणाखाली आला असता, तर काय झालं असतं हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

रिबका समोर येऊन उभी राहिली. "बाबा, मी झोका बांधला होता. बाळ रडत होता म्हणून."

"मग काल का नाही सांगितलंस, पोरी?"

"तुम्ही म्हणालात ना, देव चुकीला सोडत नाही. मला वाटलं, मी गप्प राहिले तर देव विसरेल."

यिर्मयाला आता कळलं. दोर तर काल उसवला होता, पण मुलीच्या तोंडाला कुलूप आपणच किती दिवस घालत होतो! आपल्या मुलीने आपल्याला विहिरीत उतरू दिलं, तेही आपणच शिकवलेल्या भीतीने. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि धुळीने भरलेल्या गालांवर ओघळ उमटले.

"बाबा, देव माझ्यावर फार रागावलाय का हो?"

त्याने तिला ओढून मांडीवर घेतलं. "देवानं काल तुला शिरीषाखाली बघितलं, ते खरं," तो म्हणाला. "पण रडणाऱ्या भावाला तू हसवत होतीस, तेही त्यानं बघितलं. तू करडू उचलून आणलंस, तेही बघितलं. ते तुला सांगायचं मीच विसरलो गं. आणि आत्ता तुला बोलायचं बळ आलं ना, ते कुणी दिलं असेल?"

रिबका बाबांच्या छातीत तोंड खुपसून रडली. मग तिला एकाएकी सडकून भूक लागली. सलोमीने कबूल केल्याप्रमाणे चार शब्द सुनावलेच, "पुन्हा दोराला हात लावलास तर बघ!" आणि भाकरीचा मोठा तुकडा मोडून तिच्या हातात दिला. रागावणं आणि भाकरी दोन्ही एकाच हातून आलेलं बघून रिबका रडता रडता हसली.

त्या संध्याकाळी घरात आधी दोर सांधायला घेतला. यिर्मया पेड वळत होता आणि रिबका टोक धरून बसली होती. मग प्रार्थना झाली. धाकटा पुन्हा चुकला आणि घाबरून बापाकडे बघायला लागला. यिर्मया म्हणाला, "म्हण रे राजा पुढे. त्याला कळलं." मग तो हात जोडून सगळ्यांसमोर म्हणाला, "प्रभू येशू, तू मुलांना जवळ घेतोस आणि मी त्यांना तुझ्यापासून पळायला शिकवत होतो. मला क्षमा कर." हन्नाने पदराने डोळे टिपले.  आणि त्या रात्री सगळ्यांच्या ताटात गूळ होता.

दोर पक्का झाला आणि यिर्मया पुन्हा विहिरीत उतरला. रोज काम चालायचं, रोज संध्याकाळी दोर हातातून सरकायचा. शेवटी एक दिवस खालून त्याची आरोळी आली. खडक फुटून झरा लागला होता! वाडीतल्या बायका हसल्या, रडल्या, गुरांच्या गळ्यांतल्या घंटा वाजल्या.

पाणी घोट्याइतकं होतं तेव्हा यिर्मया वर आला आणि म्हणाला, "रिबका, झऱ्याला हात लावून येतेस? दोर मी धरतो."

ती फळीवर बसली. खाली जाता जाता अंधार वाढला. तिने वर बघितलं, तर बाबा दिसेनात, नुसता उजेड. तिने दोर घट्ट आवळला. तेवढ्यात हाक आली, "मी आहे!" तिने दोर धरलेली मूठ जरा सैल केली. मग गार पाण्यात पाय सोडले, ओंजळ भरली आणि पोटभर प्याली.

वर आल्यावर तिने विचारलं, "बाबा, देव असाच असतो का?"

"याहून चांगला," यिर्मया तळवे चोळत म्हणाला. "माझे तरी हात दुखतात."

पुढे त्या घरातली मुलं पडली, धडपडली, चुकलीसुद्धा. पण चुकली की लपायला जात नसत. आधी देवाला हाक मारत आणि मग आईबाबांना येऊन सांगत.

तात्पर्य : ज्या मुलाला देवाची नुसती नजर दाखवली ते लपायला शिकतं, ज्याला देवाचा हात दाखवला ते हाक मारायला शिकतं.