गुरुजींची चूक

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. तिथल्या लाल भोपळ्यांना दूरदूरच्या बाजारांत मान होता. त्या गावात दाजीबा गुरुजी शाळा चालवत. गावाला त्यांचा शब्द प्रमाण. मुलांनी ऐकायचं, पाठ करायचं आणि म्हणून दाखवायचं, अशी त्यांची रीत होती. उलट प्रश्न त्यांना खपत नसे.

दोन वर्षं झाली, वेलींना भोपळाच धरेना. गुरुजींनी सांगितलं, शेणखत वाढवा. लोकांनी वाढवलं. पण व्यर्थ. माणसं घरांना कुलपं लावून परगावी मजुरीला जाऊ लागली.

एके दिवशी गोजरा नावाची मुलगी वर्गात उभी राहिली. तिच्याही घरी बोचकी बांधून ठेवली होती. ती म्हणाली, "गुरुजी, खत घातलं. फुलंही पुष्कळ आली. मग भोपळा का धरत नाही?"

गुरुजींचा हात सवयीनं छडीकडे गेला. तिला दटावून खाली बसवणं सोपं होतं. पण पोरीच्या डोळ्यांत उद्धटपणा नव्हता, काळजी होती. त्यांनी हात मागे घेतला.

"मला ठाऊक नाही, बाळ," ते म्हणाले. "आपण सगळे मिळून शोधू."

त्यांनी चार-चार मुलांचे गट केले. हुशार एकीकडे आणि कच्ची दुसरीकडे, असं होऊ दिलं नाही. काय पाहायचं, कुणाला विचारायचं, हे ज्या त्या गटानं ठरवायचं होतं. पहिले दोन दिवस नुसती भांडणं झाली. उत्तर सांगून टाकायची गुरुजींना इतकी सवय, की गप्प राहताना त्यांचा जीव कासावीस होई. पण ते गप्प राहिले.

हळूहळू मुलं कामाला लागली. एका गटाला दिसलं की काही फुलांच्या खाली सुपारीएवढी गाठ असते, काहींच्या खाली नसते. दुसऱ्या गटानं तीन दिवस सूर्योदयापासून वेलींवर नजर ठेवली. एकही मधमाशी फिरकली नाही. गोजराच्या गटानं बिनगाठीच्या फुलांतली पिवळी भुकटी दहा गाठीच्या फुलांना लावली आणि देठांना दोरा बांधला. आठवड्याभरात दोरा बांधलेल्या फुलांच्या बहुतेक गाठी फुगल्या. बाकीच्या पिवळ्या पडून गळाल्या.

आता ही भुकटी फुलाफुलांत नेणाऱ्या मधमाश्या गेल्या कुठे, एवढंच उरलं. म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून आलेला गट मात्र तोंड उघडेना. गुरुजींनी धीर दिला, तेव्हा त्या गटाकडून ऐकलेलं सांगायला गोजराच उठली.

"दोन वर्षांपूर्वी जत्रेत माश्या चावल्या. म्हणून गावानं सगळी मोहोळं जाळली." ती अडखळली. "तुम्ही सांगितलं होतंत, गुरुजी."

गुरुजींचा चेहरा उतरला. ते उठले, मुलांना घेऊन थेट चावडीवर गेले आणि सगळी हकिगत त्यांनी मुलांनाच सांगायला लावली. शेवटी स्वतः पुढे होऊन म्हणाले, "मोहोळं जाळा, असं मीच सांगितलं होतं. चूक माझी आहे." आणि भरल्या गावासमोर त्यांनी मुलांना हात जोडले.

पाटील अवघडले. म्हणाले, "गुरुजी, पोरांनी तुमची चूक काढली, आणि तुम्ही त्यांचेच आभार मानता?"

"मी पाठ करून घेत राहिलो असतो, तर या मुलांनी माझी चूकही पाठ केली असती," गुरुजी म्हणाले. "त्यांनी शोधलं म्हणून गाव वाचेल. माझ्यावर त्यांचे फार उपकार आहेत."

त्या वर्षी गावानं हातानंच फुलांना भुकटी लावली. मोहोळांना कुणी धक्का लावायचा नाही, असं ठरलं. पुढच्या हंगामात रानात माश्यांची गुणगुण पुन्हा ऐकू आली आणि वेली भोपळ्यांनी वाकल्या. परगावी गेलेली माणसं एकेक करून परतली. गोजराच्या घरची बोचकी केव्हाच सुटली होती.

तात्पर्य: मुलांना तयार उत्तर देण्यापेक्षा चौघांत मिळून शोधायला शिकवावं, आणि त्या शोधात आपलीच चूक सापडली, तर रागावू नये, उपकार मानावेत.