खिडकीतून न दिसणारा समुद्र

हेमांगी कुबलकडे पाहुण्यांसाठी एकच खोली होती. शेजारी रिसॉर्ट बांधताना दाजी परुळेकरांनी नेमकी तिच्या खिडकीसमोर बारा फुटी भिंत घातली. आलेले पाहुणे खिडकी उघडायचे आणि बॅगा उचलून दाजींकडे चालते व्हायचे.

मे महिन्यात कोल्हापूरचं एक कुटुंब तिच्या अंगणात येऊन उभं राहिलं, तसे दाजी गॅलरीतून ओरडले, "काय गं हेमा, तुझ्याकडून समुद्र दिसत नाही, हे सांगितलंस का यांना?"

"नाहीच दिसत, दाजी. नुसता बघायचा तर तुमची गॅलरीच बरी. माझे पाहुणे सकाळी आमच्या माणसांबरोबर किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढतात. दोराला हात लावील त्याला मासळीचा वाटा, ही आमची रीत. दुपारी तोच वाटा त्यांच्या ताटात."

कोल्हापूरकरांनी बॅगा खाली ठेवल्या. वरच्या गॅलऱ्यांतही कान टवकारले गेले.

सकाळी रिसॉर्ट रिकामं! दाजी शोधत किनाऱ्यावर आले, तर त्यांचे सगळे पाहुणे गुडघाभर पाण्यात दोर ओढत होते.

हेमांगी हसून म्हणाली, "हात लावा, दाजी. बघत उभ्या राहणाऱ्याला वाटा नसतो."